वाऱ्याशी तह

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातून पूर्व-पश्चिम जाणारा इंटरस्टेट ९० हा महामार्ग सू फॉल्स शहर मागे टाकल्यावर मिसुरी नदीपर्यंत, आणि नदी ओलांडल्यावर थेट ब्लॅक हिल्सच्या पायथ्यापर्यंत, दुतर्फा गवताळ माळ ठेवून जवळजवळ सरळ रेषेत धावतो. त्यावर २०१५ सालापासून ताशी ८० मैल, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटर, वेगाची कायदेशीर मुभा आहे. याच मार्गाने दर ऑगस्टात मोटारसायकलस्वारांचे तांडे स्टर्जिस नावाच्या गावाकडे निघतात. एरवी जेमतेम सात हजार वस्तीच्या या गावी १९३८ साली सुरू झालेल्या मेळाव्याचा व्याप आज इतका वाढला आहे, की २०१५ सालच्या पंच्याहत्तराव्या मेळाव्यास सात लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज राज्याच्या परिवहन खात्याने नमूद केला. सू फॉल्स ते स्टर्जिस हे अंतर सुमारे ६०० किलोमीटरांचे. वळण नाही, घाट नाही, नजरेला खिळवून ठेवील अशी वस्ती नाही. आहे तो केवळ रस्ता, ऊन आणि वारा. अशा रस्त्यावर पाच-सहा तास काढावयाचे असता माणसास संगीताची सोबत हवीशी वाटावी यात नवल नाही, आणि ज्या अवजड प्रवासी मोटारसायकली या कामासाठी बांधल्या जातात त्यांच्या पुढच्या कवचात रेडिओ, पडदा आणि स्पीकर कारखान्यातूनच बसवून येतात. परंतु हजारो मालक हा कारखान्याचा संच काढून त्याच्या जागी अधिक शक्तीचे स्पीकर आणि स्वतंत्र ध्वनिवर्धक, म्हणजे गॅरेजातल्या बोलीत 'ॲम्प', बसवून घेतात, त्यासाठी मूळ गाडीच्या किमतीच्या मानानेही नजरेत भरेल इतका पैसा ओततात, आणि इतके करूनही त्यांतील बऱ्याच जणांची तक्रार शिल्लक राहते ती राहतेच. ही तक्रार नेमकी कशाची, ती पैशाने का मिटत नाही, आणि मिटवावयाचीच असेल तर कोणत्या क्रमाने हात घालावा, याचा हा ऊहापोह.

आसरा, वीज आणि रस्ता

मोटारीत रेडिओ आला तो १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' या नावाने यशस्वी संच बाजारात आणला तेव्हापासून. मोटारसायकलीस मात्र त्यानंतर बराच काळ या सुखापासून वंचित राहावे लागले, आणि त्याची कारणे उघड होती. संच बसवावयास आसऱ्याची जागा नव्हती, चालवावयास पुरेशी वीज नव्हती, आणि तासन्‌तास एकाच वेगाने धावता येईल असे रस्तेही थोडे होते. या तीन उणिवा एकेक करून भरून निघाल्या. १९५६ च्या कायद्यान्वये इंटरस्टेट महामार्गांचे जाळे बांधण्यास प्रारंभ झाला. १९६५ साली हार्ले-डेव्हिडसनने 'इलेक्ट्रा ग्लाइड' या गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर दिला, त्याच्याबरोबर बारा व्होल्टांची विद्युत्‌व्यवस्था आणि मोठी बॅटरी आपसूक आली. आणि १९६९ साली त्याच गाडीला वटवाघळाच्या पसरल्या पंखांच्या आकारामुळे 'बॅटविंग' म्हणून ओळखले जाणारे कवच मिळाले. १९७० च्या दशकात क्रेग व्हेटर या कल्पक अमेरिकन आरेखकाने 'विंडजॅमर' नावाचे, कोणत्याही मोठ्या गाडीवर चढविता येईल असे फेअरिंग, म्हणजे पुढचे कवच, विकून हजारो सामान्य स्वारांना वाऱ्याआड बसावयास शिकविले. १९७५ पासून विक्रीस आलेल्या होंडा गोल्ड विंगची १९८० साली जी आवृत्ती निघाली, तिला कंपनीने महामार्गांचेच 'इंटरस्टेट' हे नाव दिले. तिच्यात फेअरिंग आणि सामानाच्या पेट्या कारखान्यातूनच बसवून येत, आणि ग्राहकाची इच्छा असल्यास रेडिओही मिळे.

या वंशावळीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रत्येक टप्प्यावर आधी आसरा आला आणि मग सूर आला. पुढे शक्तीची हौस वाढत गेली तसा हा क्रम लोकांच्या विस्मरणात गेला, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर हवेच्या प्रवाहात शोधावयाचे ते वॅटच्या आकड्यात शोधण्याचा प्रघात पडला.

खरा प्रतिपक्षी

मोटारसायकलीवर गाणे ऐकू न येण्याचा दोष नवखा माणूस इंजिनाच्या माथी मारतो. वस्तुतः ताशी साठ-पासष्ट किलोमीटरांच्या पुढे स्वाराच्या कानाशी जो गदारोळ माजतो त्यात इंजिनाचा वाटा दुय्यम असतो आणि वाऱ्याचा प्रमुख. शिरस्त्राणाच्या कडांवरून, हनुवटीखालून आणि विंडशील्डच्या वरच्या धारेवरून फाटत जाणारी हवा भोवरे करते, त्या भोवऱ्यांचे दाब कवचावर आदळतात, आणि त्यांतून जो घोंगाट उपजतो तो ताशी १०० किलोमीटरांच्या सुमारास शिरस्त्राणाच्या आत ९५ डेसिबलांच्या आसपास, आणि १२० च्या पुढे १०० डेसिबलांच्याही वर जातो.

हा घोंगाट वेगाबरोबर किती झपाट्याने वाढतो याचे गणित विमानांच्या अभ्यासातून हाती आले. इंग्लंडमध्ये जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली हवेच्या प्रवाहातून ध्वनी कसा निर्माण होतो याचा सिद्धान्त मांडला, आणि १९५५ साली कर्ल यांनी त्यास जोड देऊन दाखविले, की प्रवाहाच्या वाटेत घन पृष्ठभाग असेल तर ध्वनीची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. रस्त्यावरील प्रत्येक शिरस्त्राण आणि प्रत्येक विंडशील्ड हा नियम तंतोतंत पाळील असे नव्हे. परंतु दिशा आणि प्रमाण समजून घेण्यास तो पुरेसा आहे. वेग दुप्पट झाला की घोंगाट सुमारे १८ डेसिबलांनी चढतो, आणि ताशी ८० किलोमीटरांवरून १३० वर जाताना तो बारा-तेरा डेसिबलांनी वाढतो. डेसिबलांचा हिशेब वॅटच्या भाषेत मांडला म्हणजे त्याचे भयंकर स्वरूप कळते: ८० च्या वेगाला २५ वॅटांचा संच वाऱ्यावर जितकी मात करीत होता, तितकीच मात १३० ला करावयाची तर त्याला साधारण अठरापट, म्हणजे सुमारे ४५० वॅट, शक्ती द्यावी लागेल. इतके करून ऐकणाऱ्याच्या पदरी अधिक काही पडले असे नाही. तो होता तेथेच राहिला.

यात आणखी एक मेख आहे. वाऱ्याचा घोंगाट प्रामुख्याने खालच्या पट्टीत, काही शे कंपनसंख्येच्या आत, एकवटलेला असतो, आणि मानवी कानाचा स्वभाव असा, की मोठ्या आवाजाची खालची पट्टी तिच्या वरच्या पट्ट्यांनाही झाकोळून टाकते. म्हणून तबल्याचा बायाँ, मृदंगाची धुमाळी, बेस गिटार ही सारी मंडळी वेग वाढताच प्रथम बुडतात, त्यामागोमाग पुरुषी कंठाचा खर्ज जातो, आणि अखेर कानाशी उरते ती झांजेची किणकिण आणि शब्दांतील ऊष्म वर्णांची सळसळ. बंद खोलीत भिंती खालच्या स्वरांना परतवून आधार देतात. मोटारीतही काचा व पत्रा हे काम करतात. उघड्या माळावर धावणाऱ्या मोटारसायकलीस असा कोणताच आधार नाही, आणि म्हणून मोटारीसाठी घडविलेले, खोल खर्जाचा डौल मिरविणारे स्पीकर तिच्यावर चढविले, की घरी वाहवा मिळविणारा संच महामार्गावर गेंगाणा ठरतो. जाणते कारागीर म्हणूनच या कामी नाट्यगृहांच्या आणि सभामंडपांच्या जातीचे स्पीकर पसंत करतात. त्यांचा कागदी वा तत्सम हलका शंकू एका वॅटला अधिक डेसिबल देतो, आणि तोंडाशी बसविलेला भोंगा एक ते चार हजार कंपनांच्या पट्टीला, जिच्यात बोलण्याची सारी स्पष्टता सामावलेली आहे, नेमकी स्वाराच्या तोंडावर फेकतो.

वॅटचा मोह

बाजारात ध्वनिवर्धक विकला जातो तो वॅटवर, आणि वॅटचा आकडा ग्राहकाच्या मनाला भुरळ घालतो तो त्याचे आणि कानाचे नाते सरळ असेल या समजुतीमुळे. ते नाते सरळ नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलांनी चढतो, आणि हा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच उमगतो. कानाला आवाज दुप्पट झाल्याचा भास व्हावयाचा तर सुमारे १० डेसिबल हवेत, म्हणजे शक्ती दसपट हवी. उलटपक्षी, एका वॅटला एक मीटर अंतरावर ८९ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी ९५ डेसिबल देणारा बसविला, तर ध्वनिवर्धकाला हात न लावता चौपट शक्तीचा लाभ होतो. कारखान्याच्या संचातून एका स्पीकरमागे साधारण वीस-पंचवीस वॅट मिळतात. तेथे शंभर वॅटांचा ध्वनिवर्धक आणि कार्यक्षम स्पीकर ही जोडी बसविली, की बारा डेसिबलांची भर पडते, आणि ही भर कोणाही स्वाराला रस्त्यावर जाणवते. शंभराचे दोनशे केले तर मात्र हाती लागतात ते तीनच डेसिबल, आणि त्या तिहींसाठी तारा, फ्यूज, बॅटरी या सर्वांचा खर्च पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहावा. स्वाराने वेग १३० वरून ११० वर आणला तर वाऱ्याचा घोंगाट चारएक डेसिबलांनी उतरतो, आणि ते अडीचपटीहून मोठा ध्वनिवर्धक बसविल्यासारखे असते. विंडशील्डची उंची योग्य झाली तर लाभ याहूनही मोठा होऊ शकतो. मात्र येथे 'योग्य' या शब्दाला वजन आहे. कारण उंच तितके चांगले असा नियम येथे चालत नाही. विंडशील्डच्या वरच्या धारेवरून सुटणारा खवळलेला प्रवाह स्वाराच्या कपाळाच्या वरून गेला तर उत्तम, छातीवर येऊन डोक्याभोवती संथ, अखंड हवा राहिली तरीही ठीक. परंतु तोच प्रवाह नेमका शिरस्त्राणावर येऊन फुटला, तर विंडशील्ड नसते तरी बरे झाले असते असे म्हणण्याची पाळी येते. दोन-तीन सेंटिमीटरांच्या फरकाने हा निकाल फिरतो, आणि पाच फूट चार इंचांच्या स्वाराला मानवलेली उंची सहा फुटांच्या स्वाराला जाचक ठरते.

कारखान्याला हे ठाऊक नाही असे मानण्याचे कारण नाही. हार्ले-डेव्हिडसनने २०१४ च्या आवृत्त्यांसाठी 'प्रोजेक्ट रशमोर' या नावाखाली आपल्या प्रवासी गाड्यांचे जे मोठे नूतनीकरण केले, त्यात नव्या पडद्याचा, अधिक समर्थ असा ध्वनिसंच दिला, आणि त्याच बॅटविंग फेअरिंगच्या मध्यभागी हवा आत घेणारा एक झरोका पाडला, जेणेकरून विंडशील्डच्या मागील पोकळीतील दाब सावरला जावा आणि डोक्यावर बसणारे वाऱ्याचे धक्के कमी व्हावेत. जाहिरातीत पडद्याचे छायाचित्र मोठे होते. परंतु संगीताच्या दृष्टीने पाहता त्या झरोक्याचे मोल पडद्याहून कमी नव्हते.

विजेचा जमाखर्च

वाऱ्याचा मामला असा, आता विजेचा. मोठ्या प्रवासी हार्लेचा जनित्र-संच महामार्गाच्या वेगाला इंजिनाच्या ज्या फेऱ्या असतात त्यांवर सुमारे ५० अँपिअर वीज देतो. चौदा व्होल्टांच्या हिशेबाने ही झाली ७०० वॅट जमा. खर्चाच्या बाजूस इंधनपंप, स्फुलिंग, नियंत्रक, दिवे, पंखे ही इंजिनाच्या संसाराची नित्य देणी आधी भागवावी लागतात, आणि थंडीच्या मुलखात तापणाऱ्या मुठी व विजेने गरम होणारे अंगरखे हेही त्यात वाटेकरी होतात. राहील त्या शिलकीवर ध्वनिवर्धकाने गुजराण करावयाची. आधुनिक 'डी' वर्गाचे ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर ध्वनीच्या कामी लावतात, तर जुन्या 'एबी' वर्गाचे जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत दवडीत. म्हणूनच कवचाच्या कोंदट पोकळीत, हेडलाइटच्या मागे, तळहाताएवढ्या धातूच्या पेटीतून शेकडो वॅट काढणे या काळात शक्य झाले.

तरीही ४०० वॅटांचा संच पूर्ण ताकदीने चालला तर सुमारे ३६ अँपिअर ओढतो. संगीत हे सततचे नसून चढउतारांचे असल्यामुळे प्रत्यक्ष सरासरी याच्या कितीतरी खाली, दहा-बारा अँपिअरांच्या आत राहते, आणि धावत्या गाडीला हा भार सोसतो. अडचण येते ती गाडी उभी असताना. शिथिल फेऱ्यांवर जनित्राची जमा घटते आणि इंजिन बंद केल्यास ती शून्य होते. मेळाव्याच्या गर्दीत इंजिन बंद करून, तासभर गाणी वाजवून, शेजाऱ्यांची वाहवा घेतलेल्या स्वाराची २८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याजवळ उतरलेली असते, आणि अवजड दोन-सिलिंडरी इंजिन फिरविण्यासाठी स्टार्टर क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर मागतो, तेव्हा ती हात वर करते. मग शंभर जणांच्या देखत गाडी ढकलण्याचा प्रसंग.

कवच उघडल्यावर

स्टर्जिसच्या मेळाव्यात रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून असे संच बसवून देणारे कारागीर असतात. त्यांचे काम जवळून पाहिले म्हणजे या व्यवसायात शक्तीपेक्षा शिस्तीला किती भाव आहे ते कळते. विंडशील्डचे तीन स्क्रू निघतात, कवचाचा बाहेरचा भाग हेडलाइटच्या जोडणीसह अलगद पुढे येतो, आणि आत दिसतो तो तारांचा गुंता, त्यात दोन बाजूंना कारखान्याचे सव्वापाच इंची स्पीकर. ते काढून तेथे अडॅप्टरच्या कड्यावर साडेसहा इंची स्पीकर बसवावयाचे. कारागीर कड्याभोवती फोमची पट्टी चिकटवितो, आणि ती जेथे जुळते तेथे बोट दाबून फट राहिली नाही याची खात्री करतो. कारण शंकूच्या मागचा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या नेमका उलट दिशेचा असतो, आणि फटीतून तो पुढे निसटला तर दोघे एकमेकांस मारतात. पहिला बळी जातो तो आधीच दुबळ्या असलेल्या खर्जाचा.

त्यानंतर वीज. बॅटरी आसनाखाली, ध्वनिवर्धक कवचात, मध्ये इंधनाची टाकी. तिच्याखालून जाणारी तार जाता-येता मिळून साडेतीन मीटरांच्या घरात जाते. ही तार ८ गेजची, किंबहुना ४ गेजची घेतली, तर ३६ अँपिअरांच्या भाराला पाव व्होल्ट वा त्याहून कमी गळतो. घरगुती समजुतीने १६ गेजची बारीक तार ओढली तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात, आणि तेही पेट्रोलच्या टाकीखाली. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरांच्या आत असावा हा या व्यवसायाचा शिरस्ता आहे. कारण फ्यूज तारेचे रक्षण करतो आणि त्याच्या अलीकडची तार बेवारस असते. हँडलच्या मानेशी तार वाकते तेथे कारागीर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून पाहतो, आणि ताण दिसला तर बांधलेली पट्टी कापून पुन्हा बांधतो. बॅटविंग कवच हँडलसह फिरत असल्यामुळे त्यात घातलेला प्रत्येक किलो सुकाणूवर बसतो, हेही तो ग्राहकाला सांगतो. ज्यांना मोठा संच हवा त्यांना तो मागच्या पेट्यांच्या झाकणात स्पीकर बसविण्याचा किंवा ज्याचे कवच थेट सांगाड्याला जोडलेले असते त्या 'रोड ग्लाइड' जातीच्या गाडीचा विचार करण्याचा सल्ला देतो.

शेवटचे काम मोजमापाचे, आणि घाईचा कारागीर नेमके हेच टाळतो. रेडिओच्या आवाजाची कळ तीन-चतुर्थांशावर ठेवून, स्पीकर सोडवून, एका ठराविक स्वराची ध्वनिफीत लावावयाची आणि मीटरच्या दोन सुया ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी धरावयाच्या. चार ओहमांच्या स्पीकरला शंभर वॅट द्यावयाचे तर तेथे वीस व्होल्ट दिसले पाहिजेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. मर्यादेपलीकडे ताणलेल्या ध्वनिवर्धकाच्या लहरींचे माथे सपाट होतात, त्या सपाटीतून उच्च पट्टीचे उपस्वर उफाळतात, आणि ते वरच्या पट्टीच्या नाजूक स्पीकरला जाळतात. जळालेल्या स्पीकरचे खापर मालक कंपनीवर फोडतो. दोष मात्र बहुधा त्या अर्ध्या वळशाचा असतो, जो कोणीतरी मीटर न लावता पेचकसाने दिलेला असतो. नव्या गाड्यांत आणखी एक अडसर आहे: कारखान्याचा रेडिओ मूळच्या लहान स्पीकरना जपण्यासाठी आवाज चढताच खालचे स्वर स्वतःच छाटतो. स्पीकर बदलले तरी हा हुकूम रेडिओच्या स्मृतीत कायम राहतो, आणि तो संगणक लावून रद्द करावा लागतो किंवा वेगळ्या नियंत्रकाने त्याची भरपाई करावी लागते. ते न करता हजारो डॉलरचे स्पीकर बसविणारे लोक नव्या स्पीकरमध्ये जुनाच आवाज ऐकत बसतात.

कानाची बाजू

इथवर हिशेब झाला तो यंत्राचा. कानाचा हिशेब याहून कडक आहे. अमेरिकेतील नायोश ही व्यावसायिक आरोग्याची संशोधनसंस्था ८५ डेसिबलांचा गोंगाट दिवसाला आठ तास सोसण्यास हरकत मानीत नाही, परंतु पुढच्या दर ३ डेसिबलांना ही मुदत निम्मी करते. आणि या न्यायाने १०० डेसिबलांसाठी मिळतात केवळ पंधरा मिनिटे. स्टर्जिसच्या वाटेवरचा स्वार वाऱ्याचे १०० डेसिबल पाच तास ऐकतो. त्यावर तितक्याच पातळीचे संगीत चढविले, की बेरीज १०३ होते आणि मुदत साडेसात मिनिटांवर येते.

यावरचा तोडगा मोठ्या संचाच्या मालकाला प्रथम वेडेपणाचा वाटतो: कानात बोळे घालावेत. नीट बसलेला फोमचा बोळा वीस-पंचवीस डेसिबल अडवितो. तो वारा अडवितो तसे संगीतही अडवितो हे खरे, आणि म्हणून दोघांतील तफावत कागदावर होती तेवढीच राहते. परंतु कान हा कागद नव्हे. शंभराच्या पातळीवर भांबावलेला कान ऐंशीच्या पातळीवर पुन्हा आपले काम करू लागतो, खालच्या घोंगाटाचे वरच्या पट्ट्यांवरील आक्रमण ओसरते, आणि मघाशी चिरकणारे शब्द सुटे होऊन ऐकू येतात. फोम वरची पट्टी अधिक अडवीत असल्यामुळे रेडिओवर ती थोडी चढवावी, किंवा सर्व पट्ट्यांना सारखे रोखणारे छिद्रयुक्त बोळे घ्यावेत. स्पीकरच्या जोडीच्या तुलनेत हा खर्च नगण्य, आणि बहुधा म्हणूनच कोणी विक्रेता त्याचा आग्रह धरीत नाही.

कायद्याचा हात

स्पीकर गाडीच्या कवचात असावेत की शिरस्त्राणात, हा प्रश्न वरकरणी आवडीचा दिसतो. प्रत्यक्षात तो पुष्कळसा कायद्याने सोडविला आहे. अमेरिकेत १९६६ च्या संघीय कायद्याने राज्यांवर शिरस्त्राणसक्तीसाठी दडपण आणले, १९७६ साली काँग्रेसने ते काढून घेतले, आणि आज साउथ डकोटासारख्या राज्यात अठरा वर्षांवरील स्वार उघड्या डोक्याने बिनदिक्कत फिरू शकतो. ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राणच नाही त्याने स्पीकर लावावयाचे ते गाडीवरच. कवचातील मोठ्या संचांची बाजारपेठ अमेरिकेत फोफावली त्यात या मुभेचा वाटा मोठा. कॅलिफोर्नियात याउलट शिरस्त्राण सर्वांना सक्तीचे आहे, दोन्ही कान झाकणारे हेडसेट वाहनचालकाला निषिद्ध आहेत, आणि वाहनातील ध्वनिसंच रस्त्यावर ५० फुटांच्या, म्हणजे सुमारे पंधरा मीटरांच्या, पलीकडे ऐकू जाता कामा नये अशीही तरतूद आहे. ताशी १२० ला स्वाराला जेमतेम पुरणारा आवाज गावच्या सिग्नलला थांबताच या हद्दीच्या कितीतरी पुढे जातो, आणि एका माणसाची करमणूक चौकातल्या सर्वांची फिर्याद बनते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने शिरस्त्राण सक्तीचे केले असल्याने महाराष्ट्रातील लांब पल्ल्याचे स्वार बहुतांशी शिरस्त्राणातल्या ब्लूटूथ संचाकडे वळले आहेत. ४० मिलिमीटरांचा लहानसा स्पीकर कानापासून बोटभर अंतरावर असल्यामुळे त्याला एक-दोन वॅटही पुरतात, आणि शेजाऱ्याला त्याचा उपद्रव नसतो. हार्ले-डेव्हिडसनने २०१० मध्ये येथे विक्री सुरू केली, २०२० मध्ये स्वतःचा कारभार आवरला आणि हीरो मोटोकॉर्पशी करार करून त्या मार्गाने बाजारात राहिली. गोल्ड विंगही मोजक्या संख्येने येथे दिसते. परंतु ज्या रस्त्यासाठी या गाड्यांचे ध्वनिसंच घडले, त्याचा महाराष्ट्रातला एक जवळचा नातलग असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. स्वाराच्या वाट्याला येतो तो जुना घाट किंवा गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, जेथे वेग साठ-सत्तरच्या आत राहतो, वारा सोसवेल इतका असतो, आणि वळणापलीकडून येणाऱ्या एसटीचा भोंगा ऐकू येणे हे कोणत्याही गाण्यापेक्षा निकडीचे असते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास कलम ५२ चा अटकाव आहे, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. चारशे वॅटांचा संच घेऊन कोकणातल्या एखाद्या गावातून रात्री जाणाऱ्याने हा आकडा स्मरणात ठेवलेला बरा.

या साऱ्या विवेचनावरून खर्चाचा जो क्रम निघतो तो बाजाराच्या क्रमाच्या उलटा आहे. आधी विंडशील्डची उंची आणि शिरस्त्राणाचे बसणे तपासावे, मग कानात बोळे घालून मूळ संच एकदा महामार्गावर ऐकून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर अधिक कार्यक्षम स्पीकर घ्यावेत, त्यांना साजेल इतकाच ध्वनिवर्धक घ्यावा, आणि तारा व मोजमाप यांत काटकसर करू नये. शंभर वॅटांपलीकडची हौस ज्याची त्याने करावी, पण ती ऐकण्यासाठी होते की ऐकविण्यासाठी, याचा निवाडा स्वतःशी करून. या क्षेत्रातील सर्वांत शहाणी युक्ती मला विचाराल तर वेगाबरोबर आवाज चढविणारी आणि वेग उतरताच तो उतरविणारी, गोल्ड विंगसारख्या गाड्यांत पूर्वीपासून असलेली आणि रेडिओच्या यादीत बहुतेकांनी कधी न उघडलेली सोय हीच होय. वाऱ्याला त्याचा हक्क देऊन, त्याने माघार घेतली की आपणही माघार घ्यावी, हे तिला कारखान्यातच शिकविलेले असते. आणि नवा ध्वनिवर्धक बसविल्यावर ही सोय चालू राहील की नाही, एवढे कारागिराला पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.